माळ्यावरची खवणी

सुलूने हातातला मग उजेडाकडे धरला. बाथरूमच्या झडपेतून येईल तेवढाच उजेड, पण पुरेसा होता. पातळ पिवळसर पाण्यात पांढरे कण तरंगत होते. भाताचे नव्हते. भात इथपर्यंत येईतो भात उरत नाही, एवढं तिला गुणवंतच्या पोटाबद्दल आता गुणवंतपेक्षा जास्त ठाऊक होतं.

"नारळ खाल्लात?"

"कुठे गं. तांदूळ असेल," छताकडे बघत गुणवंत म्हणाला.

टायफॉइडने त्याच्या आतड्याला भोक पाडलं होतं. डॉक्टरांनी खराब तुकडा कापून लहान आतड्याचं तोंड पोटावर बाहेर काढलं आणि त्यावर पिशवी बसवली. तीन महिने नीट गेले तर आतडं पुन्हा जोडायचं, मग गुणवंत नवघर रोडच्या भांड्यांच्या गाळ्यात पुन्हा पॉलिशला उभा राहणार. तोवर त्या गाळ्यात सुलू वाट्या पुसून खोक्यांत भरत होती, आणि घरी आली की पिशवी रिकामी करत होती. या सगळ्यात गुणवंतच्या वाट्याला एकच काम होतं, दिलेलं खाण्याचं.

घरी सोडताना नर्सने स्वतःच्या एप्रनवर बोट फिरवून समजावलं होतं. "देखो भाभी, मुँह में चबाया, पेट में घुमाया, इधर पित्त का पानी मिला. फिर छोटी आँत सब ताकत खींचके खून में देती है. बचा हुआ पानी बड़ी आँत सुखाती है. इनका खाना वहाँ तक जाएगा ही नहीं, इसलिए पतला. और नारियल, मकई, मूँगफली बिलकुल नहीं. वो किसी को पूरा पचता नहीं. अपना निकल जाता है, इनका दरवाजा छोटा है, अटकेगा. जो खाएगा, एकदम चबाके."

सुलूने त्याच दिवशी खवणी वर्तमानपत्रात गुंडाळली, सुतळीने करकचून बांधली आणि माळ्यावर टाकली. रत्नागिरीकडच्या माणसांच्या घरातून नारळच उठला. एकासाठी वेगळं, बाकीच्यांसाठी वेगळं करता आलं असतं, पण वास सुटला की माणूस पाघळतो, आणि हा माणूस तर मुळातच पाघळलेला. म्हणून तिने स्वतःचाही नारळ सोडला, बांगड्याची आमटी सोडली. नवऱ्यासमोर ताट घेऊन मऊ भात गिळत राहिली.

सासूबाईंनी, सरूबाईंनी, पहिल्याच जेवणाला तोंड वाकडं केलं. "ह्याला आमटी म्हनतात गो? ह्यात तर पोर पोहेल. माज्या झिलाचा सांगाडा झाला."

"सांगाडा चालेल, आई. आतडं जुळू दे."

दुसऱ्यांदा पांढरे कण दिसले तेव्हा मात्र गुणवंतने तांदळाचं नाव घेतलं नाही. म्हणाला, "चंपाने वाटीभर आमटी दिली होती. प्रेमाने देते बाई, नाही कसं म्हणू?"

चंपा म्हणजे शेजारची. समुद्रकाठच्या उत्तनची, मासळी विकणारी, त्यामुळे आरोप अंगाला चपखल बसला. सुलूने भांडण केलं नाही, नुसतं बोलणं टाकलं. जिन्यात चंपा म्हणाली, "का गो, तोंड का चोरतेस?" तर सुलू भिंतीकडे बघत खाली उतरली.

मग एका सकाळी पिशवी कोरडीच राहिली. गुणवंत पोट धरून वाकडा झाला, हिरवं ओकला. रिक्षाने दवाखाना गाठला. सरूबाईंना रिक्षात चढवायला दोघं लागली, पण त्या आल्याच.

डॉक्टरांनी पोटावरच्या आतड्याच्या तोंडात बोट घालून, नळीने पाणी सोडून अडकलेलं बाहेर काढलं. ट्रेमध्ये पांढरा चोथा पडला. काथ्याची गुंडाळी असावी तसा.

"घरी स्वयंपाक कोण करतं?"

"हीच करते," गुणवंत म्हणाला.

"बाई, तुम्हाला सांगितलं होतं ना? यांना मारायचंय का? सूज उतरेपर्यंत जोडायचं नाव काढू नका. आणखी दोन महिने तरी."

सुलूने गुणवंतकडे पाहिलं. तो ट्रेकडे बघत होता. सरूबाई पदर सारखा करत होत्या. चंपाचं नाव आत्ता निघेल, मग निघेल, म्हणून ती थांबली. निघालं नाही. शेजारणीची लाज राखायला नवऱ्याने बायको पुढे केली, अशी तिने मनात नोंद केली. नोंद चुकीच्या खात्यावर पडली होती, पण ते तिला घरी आल्यावर कळायचं होतं.

गुणवंतला घरी आणलं त्या दुपारी ती स्टुलावर चढली. खवणी काढायची आणि चंपाच्या दारात ठेवायची, 'घे, तुलाच लागते,' एवढंच म्हणायचं होतं. पुडकं हाताला लागलं ते हलकं बांधलेलं. सुतळी नव्हती. सरूबाईंच्या जुन्या लुगड्याच्या काठाची चिंधी होती, तिची सैल गाठ. कागद उलगडला. खवणीच्या दात्यांत नारळाचे तंतू अडकलेले होते, अजून पिवळेही न पडलेले.

सासूबाईंना पायरी चढवत नव्हती. माळ्यावर चढलं असणार ते एकच माणूस, ज्याला पाण्याची बादलीसुद्धा उचलायला मनाई होती.

सुलू खवणी घेऊन खोलीत आली. मायलेकांनी खवणी पाहिली.

"पोर माजा हाय," सरूबाई म्हणाल्या. "तू गाळ्यात जायचीस. मला बघवत नव्हता."

"आणि डॉक्टरसमोर?"

"तू सून हायस. दोन शब्द ऐकलेस तर काय झिजलीस?"

सुलूने गुणवंतकडे पाहिलं. तो चादरीची सुरकुती सरळ करत होता.

"आई म्हातारी आहे गं," तो म्हणाला. "तिला कोणी बोललं असतं तर तिला सोसलं नसतं. तू सांभाळून घेतेस."

सुलूने त्याच्यापुढे मऊ भात ठेवला, खवणी काखेत मारली आणि शेजारचं दार वाजवलं.

चंपाने दार उघडलं, आधी तिला न्याहाळलं, मग खवणीला. "बोलायला आलीस का भांडायला?"

"माझं चुकलं, चंपाताई. नारळ आहे का घरात?"

"उत्तनच्या बाईला इचारतेस नारल हाय का?"

सुलू खाली बसून स्वतः खवू लागली. बांगडे चंपाकडे होतेच, वाटण झालं, आमटीला उकळी आली. चंपाने तिच्यासमोर ताट ठेवलं.

पहिला घास तोंडात गेला तसा भिंतीपलीकडून आवाज आला. "सुलू. अगं, पिशवी भरलीय."

चंपाने भिंतीकडे पाहिलं, मग सुलूकडे.

सुलू नर्सने सांगितलं होतं तशी चावत होती. एकदम बारीक, सावकाश, नारळाचा कण न् कण.

"सुलू."

तिने पुढचा घास कालवला.