मेलेल्या लेकीची मज्जा

वैशाख पेटला होता. ताम्रवर्ण आकाश, धूसर टेकड्या, आटलेले कृष्णेचे पात्र. आणि घाटाखालचे पांढरे गोटे उघड्या हाडांसारखे उन्हात तळपत होते. याच पात्रात तात्यांनी आपल्या लेकीच्या अस्थी सोडल्या होत्या. लेक जिवंत होती.

होय, जिवंत होती! कल्याणीने परजातीत लग्न केले, म्हणून तात्यांनी पिठाची बाहुली केली, सरणावर ठेवली, जाळली. राखेला अस्थी म्हटले. दहावे घातले. भाऊबंद पोटभर जेवले. फक्त कल्याणीचा धाकटा भाऊ यशोधन ताट ढकलून उठला होता. त्या पंगतीची आठवण झाली की त्याला अजून संताप येई.

आणि आता यशोधनचीच मज्जा सुकली. अस्थींच्या त्या तिमिरगर्भ, रक्तगर्भ गाभाऱ्यात, जिथे मूळपेशी अहोरात्र प्रसवते, तिथे शुकशुकाट झाला. ओठ पांढरे, नखे पांढरी. भावकीत कुणाचीच मज्जा जुळेना. जुळली ती एकट्या कल्याणीची.

दवाखान्याच्या व्हरांड्यात तात्या तिच्यापुढे उभे राहिले.

"पोरी, भावाला वाचव."

"माझी हाडं तुम्ही नदीत सोडलीत, तात्या. जा, तिथनं आणा!"

एवढे बोलून ती आत गेली, आणि भावासाठी सुईखाली पालथी पडली.

तिची मज्जा थेंबाथेंबाने त्याच्या शिरेत उतरली. वाट कुणी दाखवली नाही, तरी त्या पेशींनी हाडांचे घर शोधले. उंबऱ्यावर त्यांना जात कुणी विचारली नाही! मूळपेशी दुभंगल्या, वाढल्या, पुन्हा दुभंगल्या. कुणी शुभ्र रक्षक झाल्या. कुणी स्वतःचे तुकडे तुकडे करून जखमा बुजवणाऱ्या चकत्या झाल्या. आणि कुणी आपले केंद्रक, आपला गाभाच, बाहेर टाकून लाल झाल्या. दुसऱ्याचा श्वास वाहायला जागा हवी म्हणून.

दिवाळी सरली. डॉक्टरीणबाई हसत म्हणाल्या, "याचा रक्तगट बदलला. आता ताईंचाच झाला. नवं रक्त सगळं त्यांचं."

तात्या हरखले. "चल पोरी, आता घरी चल."

कल्याणी उठली नाही.

"याच्या अंगात आता माझं रक्त आहे, तात्या. याचंही दहावं घालणार?"

यशोधनने बहिणीचा हात घट्ट धरला. आणि त्याच्या नखांखाली, तात्यांच्या डोळ्यांदेखत, मेलेल्या लेकीचे रक्त उगवत होते, लाल, लाल, लाल.