ॲशलोडमध्ये कुणी दार वाजवत नाही

बेरिलने तिसऱ्या घराचं दार वाजवलं आणि आतला रेडिओ बंद झाला. खिडकीच्या पडद्याची कड जराशी हलली आणि पुन्हा जागेवर आली. फाइल छातीशी धरून ती पायरीवरच थांबली. दारापलीकडे कुणीतरी उभं होतं, अगदी जवळ, हे तिला नक्की जाणवत होतं. आधीच्या दोन घरांतही हेच झालं होतं.

“वाजवू नका,” मागून आवाज आला. “नाव सांगून हाक मारा. नाहीतर अंधार पडेपर्यंत उभ्या राहाल.”

रस्त्यात एक ठेंगणी बाई उभी होती. पायांत चिखलाने भरलेले रबरी बूट, हातात बादली, बादलीत चर्चमधून काढून आणलेली सुकलेली फुलं. तिने आपलं नाव मिसेस टँडी असं सांगितलं.

“दार का नाही वाजवायचं?” बेरिलने विचारलं.

“इथली पद्धत. मला या गावात तीस वर्षं झाली, म्हणजे मी अजून पाहुणीच. पण हे पहिल्या आठवड्यातच शिकले. आमचा पोस्टमनसुद्धा गात येतो, आणि काय भयंकर गातो.” ती हसली. “कुणाकडे आलात?”

“कुणाकडेच नाही. माझी आजी इथली होती. तिचं कुणी उरलंय का ते बघतेय.”

साठीला आलेली बेरिल कॉव्हेंट्रीहून आली होती. आदल्या वर्षी तिची आई वारली आणि घर आवरताना तिच्या लक्षात आलं, की आईच्या माहेराविषयी आपल्याला गावाच्या नावापलीकडे काहीच ठाऊक नाही. आजी गावाविषयी कधी बोलायची नाही. आई तर तिथून निघाली तेव्हा जेमतेम चार वर्षांची. ग्लॉस्टरला जुन्या नोंदींच्या कचेरीत बसून बेरिलने आजीच्या लग्नाची नोंद शोधली, आईच्या बाप्तिस्म्याची शोधली. त्यापुढे कागद गप्प झाले, म्हणून ती स्वतःच आली.

“आडनाव?” मिसेस टँडीने विचारलं.

“पेगलर. हेस्टर पेगलर.”

मिसेस टँडीने बादली खाली ठेवली. नदीकडून आलेलं धुकं आता रस्त्याच्या कडेच्या कुंपणापर्यंत पोचलं होतं.

“हेस्टर,” ती म्हणाली. “अहो, तिच्यामुळेच तर इथे कुणी दार वाजवत नाही.”

चर्चच्या कुंपणाला टेकून तिने जेवढं ऐकलं होतं तेवढं सांगितलं. पहिल्या महायुद्धाच्या आधीचा हिवाळा, नदीला पूर. हेस्टरचा नवरा अमोस होडी चालवायचा. प्यायचा, मारायचा, पण चारचौघांत गोड. बायको वाईट चालीची आहे असं त्याने गावभर केलं होतं आणि गावाने ते मानलंही होतं. एका रात्री ती घरातून पळाली आणि भर पावसात एकेक दार वाजवत गेली. एकानेही उघडलं नाही. सकाळी तिची शाल नदीकाठच्या झाडाला अडकलेली मिळाली. प्रेत सापडलं नाही. तेव्हापासून धुकं पडलं की ती दारं वाजवत फिरते, असं म्हणतात. म्हणून जिवंत माणसाने हाक मारायची.

“आणि नवरा?” बेरिलने विचारलं.

मिसेस टँडीने हनुवटीने दाखवलं. चर्चच्या दाराला लागूनच, अगदी मानाच्या जागी, उंच दगड उभा होता. प्रेमळ पती, असं त्यावर कोरलेलं वाचता येत होतं.

बेरिल त्या दगडाकडे बघत राहिली. मग तिने फाइल उघडली आणि एक फोटो काढला. समुद्रकाठच्या बाकावर एक म्हातारी बसली होती. मांडीवर कागदात तळलेले बटाटे, वाऱ्याने टोपी तिरकी झालेली.

“ती बुडाली नाही,” बेरिल म्हणाली. “आमच्या मागच्या खोलीत राहायची. मी कामाला लागल्यानंतर गेली. अंथरुणात, झोपेत.”

मिसेस टँडीने फोटो हातात घेतला नाही. हात मातीचे होते म्हणून असेल. पण ती बराच वेळ वाकून बघत होती.

“हे ऑब्रीला दाखवायला हवं,” ती म्हणाली. “ऑब्री निब्लेट. त्याचे फार दिवस राहिलेले नाहीत. चला.”

निब्लेटचं घर रस्त्याच्या टोकाला, नदीच्या बाजूला होतं. मिसेस टँडीने लांबूनच हाक दिली, “ऑब्री, मी जॉय. सोबत पाहुण्या आहेत, चांगले कपडे घातले असशील तर सांग.”

“नसले तरी आता कुठे जाऊ?” आतून खोकल्यासकट उत्तर आलं.

जिना चढवत नाही म्हणून त्याचा पलंग पुढच्या खोलीत आणून ठेवला होता. ऐंशी ओलांडलेला माणूस, खांदे एके काळी रुंद असावेत, आता त्यावर स्वेटर नुसता टांगल्यासारखा होता. मिसेस टँडीने चहा ठेवला, बेरिल कोण ते थोडक्यात सांगितलं आणि फुलं टाकून येते म्हणत बाहेर पडली. तिने मुद्दाम दोघांना एकटं सोडलं हे बेरिलला कळलं.

ऑब्रीने फोटो खिडकीच्या उजेडात धरला.

“बटाटे खातेय,” तो म्हणाला.

“व्हिनेगर इतकं घालायची की शेजारी बसवत नसे.”

“हसायची?”

बेरिलने विचार केला. “कधीकधी. रेडिओवर कुणी चुकीचं बोललं की हसायची.”

तो मान हलवत राहिला. खोलीत कोळशाचा धूर आणि औषधाचा वास होता. चहावर साय धरायला लागली होती.

“माझ्या जन्माआधीची गोष्ट,” तो म्हणाला. “आई नवी नवरी होती, या घरात येऊन वर्ष झालं नव्हतं. तुझी आजी आणि ती एका वर्गातल्या. त्या रात्री शेवटचं दार हेच. यापुढे नदीच आहे.”

बेरिलची नजर दाराकडे गेली.

“वडील म्हणाले, दुसऱ्याच्या बायकोचा तमाशा आपल्या घरात नको. मेणबत्ती विझव म्हणाले. आईने विझवली. पण ती दाराशीच उभी होती, आतून. इतकी जवळ की हेस्टरचा श्वास ऐकू येत होता, असं म्हणायची.”

“तुम्हाला हे त्यांनी सांगितलं?”

“जाताना. वडील गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी, याच खोलीत. त्याआधी कुणाला कळूही दिलं नाही. फक्त हे दार आमच्याकडे रात्री कधी बंद झालं नाही. बर्फ पडो, वारा सुटो. वडील चिडायचे, भांडायचे, शेवटी गप्प बसले. मी थंडीतच वाढलो, पोरी.” त्याने फोटो छातीवर ठेवला. “आणि ही तिकडे बटाटे खात होती.”

“हो,” बेरिल म्हणाली. “खूप वर्षं खात होती.”

त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल पडत गेलं. तो हसला तेव्हा त्याचे डोळे भरले आणि ते पुसायचं त्याला सुचलं नाही. बेरिलने त्याचा हात हातात घेतला. एवढ्यासाठीच आपण इथवर आलो असंही तिला वाटून गेलं. ती उठायच्या बेतात होती.

“आणि बाळ?” त्याने विचारलं.

“माझी आई म्हणता? विनिफ्रेड?”

“ती नव्हे, ती चालती मुलगी. तिला बोट धरून आणलं होतं. काखेतलं तान्हं. अमोस म्हणायचा ते माझं नाही. भांडण त्यावरूनच तर पेटलं होतं. अजून बाप्तिस्माही झाला नव्हता त्याचा.” ऑब्रीने मान वळवून दाराकडे बघितलं. “हेस्टर दाराबाहेरून आईचं नाव घेऊन म्हणाली, नेली, आम्हाला नको घेऊस. एवढं बाळ तरी घे. आईने ते ऐकलं. शब्द न् शब्द ऐकला.”

बेरिल पुन्हा बसली. खुर्ची करकरली.

आजीच्या खोलीतल्या सगळ्या वस्तू तिला पाठ होत्या. भिंतीवरची चित्रं, खणातले हातरुमाल, बटणांचा डबा. त्यात बाळाचं काही नव्हतं. कुणी कधी नाव काढलं नव्हतं. पण घरात कुणाच्याही बाळाला अंघोळ घालायला लागले की आजी उठून मागच्या अंगणात जाऊन उभी राहायची, थंडी असो की पाऊस. आणि आई. शेवटच्या दिवसांत, दवाखान्यात, आई दर थोड्या वेळाने डोळे उघडून एकच विचारायची: त्याला पांघरलंत का? बाबांना जाऊन तर किती वर्षं झाली होती, तरी बेरिल आईचा हात थोपटून म्हणायची, हो, बाबांना पांघरूण घातलंय, तू झोप. आईला ते पटायचं नाही. ती पुन्हा विचारायची.

“पोरी,” ऑब्री म्हणाला. तिच्या हातातला त्याचा हात आवळला गेला होता. “बाळ जगलं का?”

“जगला,” बेरिल म्हणाली.

“मुलगा होता?”

“मुलगा. जोसेफ.”

पुढचं आपसूक येत गेलं. लहानपणी छातीने नाजूक होता, आजी त्याला चुलीजवळ झोपवायची. मग चांगला आडदांड झाला. सायकलच्या कारखान्यात लागला. बोटांना कायम तेलाचा वास. लग्न उशिरा केलं, बायको वेल्सची, ती रागावली की तिच्या भाषेत बोलायची आणि तो बसून हसायचा. मुलं झाली नाहीत म्हणून बेरिलचे सगळे लाड त्यानेच केले. सायकल चालवायला त्याने शिकवलं. सीट धरून मागे पळायचा, आणि कधी सोडली ते कळूच द्यायचा नाही.

“आहे अजून?” ऑब्रीने विचारलं.

“नाही. म्हातारा होऊन गेला.”

“त्रास झाला का?”

“नाही. आम्ही सगळे होतो.”

ऑब्रीने छताकडे बघितलं. “आईला हे कळायला हवं होतं,” तो हळूच म्हणाला. मग त्याने डोळे मिटले. बेरिलला वाटलं झोपला, पण थोड्या वेळाने तो म्हणाला, “जोसेफ,” आणि पुन्हा एकदा, जरा वेगळ्या तऱ्हेने, “जोसेफ,” जणू ओळखीच्या माणसाला कुणी रस्त्यात हाक मारावी. त्याचा हात हळूहळू सैल झाला. श्वास सुरळीत चालला होता.

फोटो त्याच्या छातीवरच होता. बेरिलने तो उचलला नाही. तिने पांघरूण त्याच्या खांद्यापर्यंत ओढलं. मग ओढलेल्या पांघरुणावर हात ठेवून ती तशीच वाकून उभी राहिली, कोणी बघितलं असतं तर काय झालं म्हणून विचारलं असतं इतका वेळ.

बाहेर धुकं दाटलं होतं. नदी दिसत नव्हती, नुसती वाहत असल्याचं ऐकू येत होतं. मिसेस टँडी रिकामी बादली घेऊन फाटकाशी थांबली होती.

“झोपला?”

“झोपला.”

“बरं केलंत हो. किती वर्षांचं ओझं होतं त्याच्या डोक्यावर.” ती बेरिलच्या शेजारून चालू लागली. “आणि तुमचं काय? मिळालं का कुणी?”

“मिळाला,” बेरिल म्हणाली. “मामा मिळाला एक.”

“अगंबाई. हे छान झालं. कुठे असतो?”

बेरिल थांबली. तिने पाण्याच्या आवाजाकडे तोंड वळवलं.

“इथेच असेल,” ती म्हणाली. “इथेच कुठेतरी.”