मार्गशीर्षातला तांडेल

"वायच सरक की गो, माझा पाय गटारात चाललाय," सावित्री माझ्या कानाशी पुटपुटली.

सरकायला जागाच नव्हती. चिऱ्याच्या गडग्याच्या भिंतीला पाठ लावून, डब्याच्या पिशव्या छातीशी धरून आम्ही दोघी उभ्या होतो. समोर दोन-तीन हातांवर तांडेल उभा होता, सगळे दात दाखवत. मिरकरवाड्याच्या जेटीवर कोलंबी निवडायला आम्हाला साडेसातला पोचावं लागतं, आणि सात वीस होऊन गेले होते.

"हाड्!" मी म्हटलं. आवाज माझा मलाच ऐकू आला नाही.

तांडेल हा केरूकाकांचा कुत्रा. केरूकाका चाळीस वर्षं लोकांच्या बोटींवर खलाशी होते. बोट हाकणारा तांडेल होणं काही त्यांच्या वाट्याला आलं नाही, म्हणून त्यांनी कुत्र्याचं नावच तांडेल ठेवलं. "जन्मभर तांडेलाने मला हुकूम सोडले," ते सांगायचे, "आता मी सोडतो. तांडेल, खाली बस!" आणि तो बसायचाही. काकू गेल्यापासून त्या घरात हे दोघेच. एक बोलायचा, दुसरा ऐकायचा, आणि तेवढ्यावर त्यांचं छान चाललं होतं.

शेवटी सावित्रीने तिच्या डब्यातली पोळी फेकली. तांडेलने ती हुंगली आणि आमच्याकडे असं बघितलं, की लग्नात आहेर परत करणाऱ्या विहीणबाईच आठवल्या. पण तेवढ्यात आम्ही निसटलो.

आता खरं ते सांगते.

दोन वर्षांपूर्वी हा कुत्रा पहिल्यांदा माझ्यावर गुरगुरला, तेव्हा घाबरून मी पिशवीतलं बांगड्याचं डोकं त्याच्यापुढे टाकलं. कामावरून सुटताना आम्हाला कालवणापुरते मासे मिळतात, त्यातलंच. त्याने ते खाल्लं, शेपटी हलवली, वाट सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो त्याच जागी हजर. मग मी रोज फ्रीजमधून काहीतरी न्यायला लागले. कधी मांदेलीची डोकी, कधी कोलंबीची सालं. तो गुरगुरायचा, मी द्यायची, तो सोडायचा. मला वाटायचं, मी कुत्र्याला कशी पटवली!

पुढे त्याच्या अंगावरचे केस जायला लागले. गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, मासळी पूर्ण बंद, नुसता दूधभात. केरूकाका हात जोडून घरोघरी फिरले. "त्याला मासा घालू नका हां कोणी. खाज सुटते बिचाऱ्याला, रात्रभर झोपत नाय."

"आम्ही कशाला घालू हो?" आवडाबाई म्हणाल्या. आळीत वयाने त्याच मोठ्या. त्यांनी सांगितलं की ते झालं.

"छे हो, काका," मीही म्हटलं. तेव्हा माझ्या पाठीमागे हातात मांदेलीच्या डोक्यांची पिशवी होती.

घालायची मी थांबले नाही. कामावर तर जायचं होतं ना. आणि मी एकटीच नव्हते. एकदा सावित्री वळणावर घाईघाईने बोटं पुसताना दिसली. आवडाबाई त्याला रोज वाटीत "दूधभात" द्यायच्या, त्या दूधभाताला सुरमईचा वास यायचा. आम्ही एकमेकींना बघत होतो आणि बघितलं नाही असं दाखवत होतो.

सोमवारी मात्र पंचाईत व्हायची. सोमवारी आमच्या आळीत मासा शिजत नाही. त्या दिवशी तांडेल प्रत्येकीच्या अंगावर जायचा. केरूकाकांच्या हे लक्षात आलं. "सोमवारीच ह्याच्यात काय शिरतं?" म्हणत ते सोमवारी त्याच्या कपाळाला अंगारा लावायला लागले. तांडेल तोही चाटून बघायचा.

आणि मग मार्गशीर्ष लागला. गुरुवारचे घट बसले, महिनाभर कोणाच्या घरात मासा नाही. वाट्याला आलेले मासेसुद्धा आम्ही जेटीवरच दुसऱ्या बायकांना देऊन, साबणाने हात चोळून घरी येतो. तांडेलला पंचांगातलं काय कळणार? त्याच्या दृष्टीने सगळी आळी एका दिवसात फिरली होती. पहिल्या आठवड्यात त्याने सावित्रीची पिशवी फाडली. दुसऱ्यात आवडाबाईंचा पदर धरला. आणि त्या सकाळी आम्ही गडग्याला चिकटलो.

त्याच संध्याकाळी आवडाबाईंच्या ओट्यावर सगळ्या जमल्या, केरूकाकांनाही बोलावलं. "पिसाळला असेल," कोणीतरी म्हणालं. केरूकाका धावत घरी जाऊन इंजेक्शनचा कागद घेऊन आले. "हे बघा, गेल्या महिन्यातच टोचलंय." कागद सगळ्यांनी वाचला आणि परत दिला.

"उद्या कोणाला चावला तर?" आवडाबाईंनी विचारलं. विचारताना त्या दिव्याकडे बघत होत्या, केरूकाकांकडे नाही.

काका कागदाची घडी घालत बसले. मग म्हणाले, "नाटे गावी पाठवतो. भाच्याकडे. दीपेशची वाडी मोठी आहे, तिथे जाणारी-येणारी माणसं नायत."

घरी येऊन जेवायला बसले. काकांच्या घरातून आवाज येत होता. ते तांडेलला नाटे कसं आहे ते समजावून सांगत होते.

रविवारी सकाळी दीपेश टेम्पो घेऊन आला. आळी सगळी दारात. काकांनी जाळ्याच्या दोरीने तांडेलला टेम्पोच्या मागच्या कड्याला बांधलं. गाठ मारली, सोडली, परत मारली. चाळीस वर्षं गाठी मारलेला माणूस, पण त्या दिवशी एक गाठ त्यांना जमेना.

"मामा, मी बांधतो," दीपेश म्हणाला.

"तुला नाय जमायची," काका म्हणाले आणि चौथ्यांदा सोडली.

तेवढ्यात तांडेल टेम्पोतून खाली उतरला. दोरी मागून फरफटत होती. तो ओळीने आमच्यापाशी आला. सावित्रीचा हात हुंगला, मग माझा, मग आवडाबाईंचा. उजवा, डावा, परत उजवा. आवडाबाईंनी हात पदराखाली घेतला, तर त्याने नाक पदरात घातलं.

"बघा," केरूकाका म्हणाले, "जाताना सगळ्यांचा निरोप घेतोय."

सावित्रीने तोंड फिरवलं. ती हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. माझंही मला कळत नव्हतं.

मग काकांनी हात जोडले. "माझ्या जनावराने तुम्हाला फार त्रास दिला. त्याची चूक नाय. मीच त्याला नीट वळण लावलं नाय. म्हातारा माणूस, माझंच कुठंतरी चुकलं."

 दीपेशने तांडेलला परत मागे बांधलं आणि टेम्पो चालू केला. आवडाबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. त्यांनी अगदी हळू, कोणाला दिसेल न दिसेल अशी, मान नाही म्हणून हलवली.

"दीपेश, बंद कर ते इंजिन," मी म्हटलं.

त्याने बंद केलं. सगळी आळी माझ्याकडे बघायला लागली. तांडेलसुद्धा.

"केरूकाका," मी म्हटलं, "तो पिसाळलेला नाही, आणि तुमचं काही चुकलेलं नाही. आम्ही त्याला रोज मासे घालत होतो. तुम्ही हात जोडून गेलात त्यानंतरही. मी घालत होते, सावित्री घालत होती आणि आवडाबाई तर वाटी भरून घालत होत्या. मार्गशीर्ष लागला म्हणून आम्ही बंद केलं, एवढंच झालंय."