मागावरच्या सहा पोळ्या

“एवढीच शेव? पोह्यांना दृष्ट लागू नये म्हणून टाकलीय काय,” आनंदराव ताटलीला म्हणाले. यमुना हातभर अंतरावरच बसली होती. पण बायकोशी भांडायचं नसलं, की ते भांड्यांशी बोलत.

महिन्यापूर्वी त्यांना शुगर निघाली. परदेशीपुऱ्याच्या दवाखान्यात भोपाळहून नवी डॉक्टरीण आली होती. तिनं साधंच सांगितलं: शेव चिमूटभर, चहा बिनसाखरेचा, ताटात निम्मी भाजी, जेवल्यावर अर्धा तास पायी. पोळ्या किती, म्हणून विचारलं. सहा. आणि काम? आनंदरावांनी छाती काढून सांगितलं, लूमवर असतो, मिलमध्ये. मग चालतील, ती म्हणाली, मेहनतीच्या अंगाला एवढ्या लागतातच. गोळी लिहून दिली, आणि उतरली नाही तर रोज इन्सुलिनची सुई घ्यावी लागेल असंही बजावलं. फौजीचा मुलगा, महूच्या छावणीत वाढलेला, पण सुई म्हटली की आनंदराव खुर्ची मागे सरकवत.

यमुना पदराचं टोक बोटाला गुंडाळत भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागली. मिलला कुलूप लागून तीन वर्षं झाली होती.

तरी आनंदराव रोज सकाळी डबा घेऊन निघत. मिलच्या फाटकासमोरच्या निंबाखाली जुन्या पाळीतले सोबती जमत. दिवाळीपर्यंत मिल उघडतेय, अशी पक्की खबर त्यांच्यातले शंकरराव आणत. कुठल्या दिवाळीपर्यंत, ते कुणी विचारत नसे. साडेबाराच्या ठोक्याला सगळे डबे उघडत.

त्या डब्यात सहाच पोळ्या हव्यात. तीन घातल्या तर मेहनत उरली नाही असा अर्थ होतो, हे यमुनेला कळत होतं आणि त्यांनाही. म्हणून तिनं पोळ्या पातळ लाटायला घेतल्या. आठवड्याभरात त्या इतक्या झिरझिरीत झाल्या, की शंकररावांनी एक उन्हाला धरली आणि म्हणाले, “अरे भिया, यातून तर मिलचं घड्याळ दिसतंय.” हे आनंदरावांनीच हसतहसत घरी येऊन सांगितलं. पोळ्या पातळ का, ते मात्र विचारलं नाही. मित्र पडले मायाळू. वहिनीचं पीठ संपलं असेल, म्हणून जो तो आपल्यातली एकेक जाड पोळी त्यांच्या डब्यात टाकू लागला.

महिन्यानं पुन्हा तपासणी झाली. डॉक्टरीण रिपोर्ट उलटसुलट बघत राहिली. शेव चिमटीवर आली, साखर सुटली, माणूस रोज पोलोग्राउंडपर्यंत चालून येतो, वर आठ तास मागावर उभा. मग शुगर जागची हलत कशी नाही? तिनं पेनचं टोपण काढलं.

“अब तो सुई ही लिखनी पड़ेगी, काकाजी.”

आनंदरावांनी यमुनेकडे पाहिलं. एरवी अशा वेळी ती भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला घेई. आज तिनं नजर हलवली नाही. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“मैडम, लिखो मत. तीन साल से मिल बंद है,” ते म्हणाले. आणि मग बायकोकडे वळून, हळूच, मराठीत, “आणि आता ती उघडायची नाही, यमुना.”