आठव्या सीटवरची शेव

इंदूर ते जळगाव, बॅटरीवरच्या विमानाचं प्रवाशांसह पहिलं चाचणी-उड्डाण होतं आणि विमान एकतीस किलोंनी जड होतं.

वजनाच्या तक्त्यावर उड्डाणाचं गणित मांडणाऱ्या शर्वरीची सही लागणार होती. पावणेअकराची वेळ हुकली, तर कंपनी चाचणी उचलून भोपाळला नेणार होती. शर्वरी जुनी इंदूरची. विमान हातचं जाणं एकवेळ चाललं असतं, पण इंदूरच्या नाकावर टिच्चून भोपाळला?

"दिनानाथजी, सामान फक्त पाच किलो सांगितलं होतं ना?"

"पाचच आहे की. हे तर नमकीन आहे," दिनानाथ शांतपणे म्हणाले. मागचे सहा प्रवासीही आपापल्या पिशव्या पोटाशी धरून उभे होते. नमकीन हे सामान असतं, हे त्यांना आज प्रथमच कळत होतं.

"टेन्शन नको, बेटा," दिनानाथ म्हणाले. "तेल जळेल तसं विमान हलकं होईल."

"यात तेल नाही, काका. बॅटरी भरलेली असो की रिकामी, वजन तेवढंच. जेवढं जड चढणार, तेवढंच जड उतरणार."

"म्हणजे आमच्या बंटीसारखं. उपास केला तरी तेवढाच."

"मग हायड्रोजनवालं का नाही आणलं?" त्यांच्या पत्नी उषाताईंनी विचारलं.

"त्याची टाकीच एवढी मोठी, की तुम्हाला बसायला जागा उरणार नाही."

चार्जिंग पूर्ण व्हायला अजून वीस मिनिटं होती. दिनानाथांनी पिशवी फोडली. "खाऊन टाकू भिया! वजन खतम!"

सातही जण कर्तव्यबुद्धीने तुटून पडले. मग शर्वरीने सगळ्यांना पुन्हा काट्यावर उभं केलं. एकतीसचे बत्तीस झाले होते.

"पाणी पण प्यालात ना वरून," उषाताई म्हणाल्या.

"निदान तुमची मोठी पिशवी तरी ठेवा इथे, काकू."

"विहीणबाईंकडे रिकाम्या हाताने जाऊ? त्यापेक्षा ह्यांना ठेवते."

दिनानाथांचं वजन एक्याण्णव. बाकीचे पाच जण त्यांच्याकडे फार आशेने बघू लागले.

शर्वरीने घड्याळ पाहिलं. दहा पस्तीस. आठवी सीट तिची होती. दोन महिने तिने या उड्डाणाची आकडेमोड केली होती, खिडकीसुद्धा निवडून ठेवली होती.

"मी उतरते," ती म्हणाली. "माझं वजन बावन्न."

क्षणभर सगळे गहिवरले. मग दिनानाथांनी हिशेब केला. "म्हणजे वीस किलोंची जागा उरली?"

आणि ते टर्मिनलमधल्या नमकीनच्या दुकानाकडे धावले.

दहा त्रेचाळीसला आठव्या सीटवर जुनं-नवं मिळून बावन्न किलो नमकीन बसलं. वैमानिक यतीनने त्याला पट्टा बांधला. शर्वरीने तक्त्यात प्रवाशाच्या नावापुढे 'शेव' लिहिलं, वय रिकामं सोडलं आणि सही ठोकली.

पावणेअकराला विमान उडालं. आवाज इतका कमी, की आतून दिनानाथ "गणपती बाप्पा" ओरडले ते धावपट्टीच्या कडेला ऐकू आलं. "मोरया!" शर्वरी दोन्ही हात वर करून ओरडली आणि उड्या मारू लागली.

सुरक्षारक्षक धावत आला. "मॅडमजी, तुम्ही तर इथेच राहिलात!"

"राहिले ना!" शर्वरी इतकी खुशीत म्हणाली, की त्याने आधी तिला सावलीत बसवलं.