नऊ वर्षं चुकीच्या अक्षराखाली

मी एक बाण बोलतोय. धनुष्यातला नाही, रस्त्यावरच्या पाटीचाही नाही. तांदळाच्या दाण्याएवढा, वर टोक केलेला. संगणकावर कुणी प्रोग्राम लिहिताना चुकलं, की मी त्या ओळीखाली उभा राहतो आणि म्हणतो, इथे बघा, इथे चुकलंय. एवढंच माझं काम. तेच मी नऊ वर्षं चुकीचं केलं, आणि तरी आज माझ्याइतका सुखी कुणी नसेल.

माझा जन्म इजिप्तमधल्या मन्सूरा शहरातल्या एका पंपघरात झाला. तिथले इंजिनियर रिफअत. पंप नीट चालू असले की त्यांना फारसं काम नसे. त्या वेळात त्यांनी प्रोग्राम लिहिण्यासाठी एक नवी भाषा रचली, अरबीतून, उजवीकडून डावीकडे लिहायची. त्या भाषेतल्या आज्ञा यंत्राला समजतील अशा करून देणारा कंपायलरही त्यांनीच लिहिला. मी त्या कंपायलरचाच एक एवढासा अवयव.

मित्र रिफअतना चिडवायचे, "कधी पुरी होणार तुझी भाषा? उद्या, जर्दाळूच्या हंगामात?" आमच्याकडे कधीच न होणाऱ्या गोष्टीला असं म्हणतात. रिफअतनी हट्टाने भाषेचं नावच ठेवलं मिशमिश, म्हणजे जर्दाळू. आणि पुरी केली. मग सगळा कंपायलर इंटरनेटवर उघडा ठेवला. कुणीही घ्या, वापरा, आत डोकावा, काही बिघडलेलं दिसलं तर दुरुस्त करून पाठवा.

लोकांनी घेतला. कुणी दुकानाची बिलं केली, कुणी बसचं वेळापत्रक. मी ओळीखाली उभा राहायचो, लोक चूक सुधारायचे आणि पुढे जायचे. माझ्यात काही खोट आहे हे मलाही माहीत नव्हतं. ती कळली दुमयात शहरात, अवातिफबाईंच्या घरी.

अवातिफबाई मुलींच्या शाळेत पहिलीला शिकवायच्या. चाळिशी उलटल्यावर त्या स्वतःच्या स्वतः प्रोग्राम लिहायला शिकल्या, कारण त्यांच्या वर्गातल्या बेचाळीस मुलींपैकी निम्म्यांना वाचताच येत नव्हतं. पडद्यावर शब्द यावा, मुलीने अक्षराला बोट लावावं आणि त्याचा आवाज ऐकू यावा, असे धडे त्यांना करायचे होते. शाळेत जुन्या संगणकांची एक खोली होती. मुख्याध्यापिका म्हणाल्या होत्या, की ईदच्या सुट्टीनंतर धडे चालताना दिसले तर ठीक, नाहीतर त्या खोलीत मोडकी बाकं ठेवायची आहेत.

आता पहिलीच्या पुस्तकात असतात तशा खुणा एरवी कुणी लिहीत नाही. तुमच्या उकार-मात्रांसारख्याच त्या, अक्षराच्या डोक्यावर नाहीतर पायाशी बसतात. मोठी माणसं त्यांच्यावाचून सरावाने वाचतात, पण लहान मुलांना त्या लागतातच. अवातिफबाईंच्या प्रत्येक ओळीत त्या खच्चून भरलेल्या.

आणि तिथेच माझा पाय घसरू लागला. चूक एका शब्दात, मी उभा पुढच्याच शब्दाखाली. बाई बिचाऱ्या मी दाखवीन ते खरं मानायच्या. चांगला शब्द खोडायच्या, नवा लिहायच्या, मग मी आणखी कुठेतरी उभा. चार दिवसांत त्यांनी एक धडा सात वेळा मोडला. पाचव्या दिवशी त्यांनी संगणक मिटला आणि म्हणाल्या, "हे आपलं काम नाही. आपण खडू धरावा." त्यांचा आवाज मला अजून आठवतो. राग असता तर मी सोसला असता. पण त्यांनी तर स्वतःलाच मठ्ठ ठरवून टाकलं होतं.

शेजारी त्यांची आई इन्साफ, हज करून आल्यापासून सगळ्यांची हाग्गा, शिवणयंत्रावर बसलेली होती. चाळीस वर्षं नवरीचे पोशाख शिवून तिचे डोळे अधू झाले होते, पण नजर गेली नव्हती. कोण तुला एवढं छळतंय ते दाखव तरी, म्हणाली. बाईंनी नाखुशीने संगणक उघडला. म्हातारीने चष्मा नाकावर ओढला आणि ओळीवरून बोट फिरवत किती वेळ काही पुटपुटत राहिली. सुटलेला टाका दिसावा तसं चुकलेलं अक्षर तिला सापडलं, बाणाच्या बरंच आधी; मग तिने दुसरी ओळ मागितली. मग तिसरी.

"हा तुझा बाण आहे ना," ती शेवटी म्हणाली, "ह्या ओळीत चार खुणा आहेत, तर चार घरं पुढे गेलाय. ह्या ओळीत सात, तर सात. मेला खुणासुद्धा मोजतोय."

"मोजणारच ना आई. लिहिलंय ते सगळं मोजतो तो."

"अगं, कापडावर मणी लावले म्हणून कापड लांब होतं का?"

अवातिफबाई घाईघाईने जुन्या ओळी काढून मोजू लागल्या. प्रत्येक ओळीत तेच निघालं. खुणा वजा करून मागे आलं, की चूक बरोब्बर तिथे. मायलेकी अशा हसल्या की शेजारीण दारात येऊन काय झालं म्हणून विचारू लागली.

त्यानंतर बाई खुणा मोजून, मागे येऊन चुका शोधू लागल्या आणि नऊ धडे पुरे झाले. सुट्टीनंतर शाळेत दाखवले, तेव्हा हनान नावाची एक मुलगी, जी वर्गात तोंडच उघडत नसे, अक्षरांना बोट लावत एक आख्खं वाक्य वाचून गेली आणि मागे वळून म्हणाली, "आता दुसरं द्या." मोडकी बाकं जिन्याखाली गेली.

बाईंचं काम झालं होतं. त्या तिथेच थांबल्या असत्या तर कुणी काही म्हटलं नसतं. पण त्या आईला म्हणाल्या, "दुसरी कुणी हे लिहायला बसेल, तिच्या शेजारी तू थोडीच असणार आहेस?" आणि त्यांनी रिफअतना तक्रार लिहिली.

उत्तर दोन ओळींचं आलं. बाण बरोबर आहे, तुमच्या पडद्यावरची अक्षरं तपासा. तक्रार बंद. बाईंनी ती पुन्हा उघडली, पहिलीच्या पुस्तकातल्या तीन ओळी जोडल्या. या खेपेला रिफअतनी लिहिलं, की एवढी खात्री असेल तर तुम्हीच दुरुस्त करा, दार उघडंच आहे. तो टोमणा होता, हे मला कळलं. बाईंनी मात्र ते आमंत्रणच समजलं.

वीस दिवस त्या माझ्या घरात वावरल्या. मी कुठे जन्मतो, मला कोण मोजतं, कोण उभं करतं, सगळं त्यांनी शोधून काढलं. मग मोजताना खुणा वगळायची दुरुस्ती करून पाठवली. कंपायलर धड आहे ना हे बघायला तीनशे अकरा चाचण्या होत्या. त्यांतल्या अठ्ठावीस कोसळल्या.

रिफअत ती दुरुस्ती फेटाळायलाच बसले होते. पण माणूस सरळ. आधी त्यांनी बाईंच्या तीन ओळी स्वतःच्या संगणकावर घातल्या. मी उभा राहिलो, भलत्याच ठिकाणी. त्यांनी डोळे चोळले, बोटाने मोजलं, पुन्हा मोजलं. मग त्यांनी फोन लावला.

"अवातिफबाई, चूक माझी आहे. नऊ वर्षांची आहे. मी तुम्हाला नीट उत्तरही दिलं नाही."

"तुमच्या घरात पहिलीतलं पोर नसेल, बाशमुहंदिस," बाई इंजिनियरला द्यायच्या मानाने म्हणाल्या, "मग कसं दिसणार?"

"पण तुमच्या दुरुस्तीने अठ्ठावीस चाचण्या का पडल्या, ते मला अजून कळत नाहीये."

"मलाही नाही. शुक्रवारी जेवायला या. तेव्हा बघू."

शुक्रवारी सकाळी ते मायक्रोबसने आले. येताना रिकाम्या हाताने कसं यायचं म्हणून मशब्बक या जिलबीसारख्या मिठाईचा खोका आणला, आणि मशब्बकसाठीच प्रसिद्ध असलेल्या दुमयातला येताना ती मन्सूऱ्याहून आणणारा हा पहिलाच मनुष्य, म्हणून हाग्गाने चहा संपेपर्यंत त्यांची थट्टा सोडली नाही. मग बाई आणि रिफअत टेबलाशी शेजारीशेजारी बसले. पडलेल्या चाचण्या एकेक करून बघितल्यावर कोडं समोर आलं. खुणा मोजल्या तर मी चुकतो, न मोजल्या तर कंपायलरचे बाकीचे भाग अडखळतात, कारण यंत्राला प्रत्येक खूण जागच्या जागी लागते.

हाग्गा काजं करता करता म्हणाली, "मग दोन हिशेब ठेवा की. मी कापड वेगळं मापायचे आणि मणी वेगळे मोजायचे. एकाच वहीत कोण लिहितं?"

रिफअतनी हळूच पेला खाली ठेवला. त्यानंतर दोन तास दोघं दोन वेगळ्या मोजण्या लिहीत बसले. एक मोजणी यंत्रासाठी, सगळ्या खुणांसकट. दुसरी डोळ्यांसाठी, खुणा सोडून. मी फक्त दुसरीचं ऐकायचं. अवातिफबाई टंकत होत्या, रिफअत शेजारून बघत होते, एका ठिकाणी त्यांचीच चूक बाईंनी पकडली तेव्हा ते खूश होऊन मान हलवत राहिले. मग चाचण्या सुरू झाल्या; जी पार पडेल ती हिरवी दिसायची. हिरवी, हिरवी, हिरवी... तीनशे अकरा. पहिलीच्या पुस्तकातल्या ओळींची एक नवी चाचणी घातली, ती तीनशे बारावी.

आणि मी सरकलो. शब्दांवरून मागे, खुणांच्या खालून, बरोब्बर चुकलेल्या अक्षराच्या पायाशी येऊन उभा राहिलो. ती जागा काय असते, हे नऊ वर्षांनी कळलं. हाग्गाने चष्मा ओढून ओळ तपासली आणि म्हणाली, "आता शहाणा झाला." मग सगळ्यांना जेवायला बोलावलं.

दुरुस्ती अवातिफबाईंच्या नावाने नोंदली गेली. आज दुरुस्त्या स्वीकारायचा अधिकार ज्या चौघांना आहे, त्यांतल्या त्या एक. सकाळी शाळेत जाण्याआधी त्या तक्रारी वाचतात. परवा अस्वानच्या कुणीतरी भांडकुदळ भाषेत लिहिलं होतं, की मिशमिश तद्दन भिकार आहे. बाईंनी आधी एक खरमरीत उत्तर लिहिलं, ते खोडलं आणि एवढंच पाठवलं, "चूक आमचीही असेल. तुमची ओळ पाठवा."

तुम्हाला माझं सांगणं इतकंच, की ओळीखाली मी दिसलो म्हणून मान खाली घालू नका. मी कुणाला हिणवायला येत नाही. आणि दहादा बघूनही पटलं नाही, तर मलाच तपासा, माझ्या धन्याला लिहा, त्याने झटकलं तर पुन्हा लिहा. मी रागवत नाही. माझं सगळं बरं झालं ते अशाच एका बाईच्या चिकाटीने.

आता निघतो. अस्वानहून ओळ आली आहे, तिच्याखाली उभं राहायचंय.