प्लास्टिकच्या दस्त्याची रायफल

माझ्या नवऱ्याची, ओन्नीची, अक्रोडाच्या दस्त्याची रायफल त्याच्या दफनाच्या दिवशीच माझ्या दिराच्या गाडीत जाऊन बसली. "आठवण म्हणून नेतो गं, एल्मा," ताउनो डोळे पुसत म्हणाला. डोळे खरंच ओले होते, म्हणून मीही नेऊ दिली. आठवण म्हणून त्याला ओन्नीचं बर्फ उपसायचं फावडंही नेता आलं असतं, पण फावड्यावर काही त्याचा जीव जडला नाही.

पुढच्या नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा मोसम तोंडावर आला तेव्हा मी जाहीर केलं, की यंदा कॅम्पवर मी येणार. आमचा कॅम्प म्हणजे जंगलातली एक लाकडी खोली, पुढे पडवी, मागे वाफेनं अंघोळ करायची सॉना. लग्न झाल्यापासून दरवर्षी माझ्या हातच्या, मांस-बटाटा भरलेल्या करंजीसारख्या पेस्टी तिथे जात होत्या. मी कधी गेले नव्हते. नेम मला वडिलांनी शिकवला होता, अगदी ओन्नीची नि माझी ओळख होण्याआधी, पण कॅम्प पुरुषांचा होता आणि मला घरातली शांतता आवडायची. आता ती शांतता खायला उठत होती. कॅम्पवर ओन्नी ज्या खिडकीशेजारी झोपायचा, जिच्यातून पहाटे बर्फावरचे ठसे दिसतात म्हणून सांगायचा, तिथला बिछाना मला हवा होता. दुसरं काही नको होतं.

ताउनोला तो त्याच्या जावयासाठी हवा होता. तसं स्पष्ट म्हणायची सोय नव्हती, म्हणून त्यानं नियम काढला. "पहिल्या दिवशी हरीण पाडलंस तर बिछाना तुझा. नेम चुकला तर शर्टाचं शेपूट कापायचं, भिंतीवर ठोकायचं, आणि पुढच्या वर्षीपासून फक्त पेस्टी पाठवायच्या."

नेम चुकेल त्याच्या शर्टाची मागची पट्टी कापायची, ही रीत कॅम्पइतकीच जुनी. भिंतीवर अशा चिंध्यांची रांगच आहे, प्रत्येकीखाली नाव. ओन्नीच्या तीन आहेत. ताउनोची एकही नाही, आणि हे तो दर तासाला कुणाला तरी सांगतो.

"कबूल," मी म्हटलं, आणि गावातल्या दुकानातून सगळ्यात स्वस्त रायफल आणली, प्लास्टिकच्या दस्त्याची, गोळी भरायला बोल्टची दांडी मागेपुढे करावी लागते अशी. दुर्बिणीसकट. दुकानदारानं विचारलं, "कुणाला भेट द्यायचीय का?"

"हो," मी म्हटलं. "मला."

घरी येऊन नेटवर इतर मालकांची मतं वाचली. एकानं लिहिलं होतं, दस्ता बघून माझी बायको म्हणाली, खेळणं आणलंस का? दुसऱ्यानं लिहिलं होतं, दिसायला काही खास नाही, पण कामाला लागली की चुकत नाही. माझ्या सासूबाई माझ्याबद्दल शेजारणींना अगदी हेच सांगायच्या. रायफल मला तिथेच आवडली. मग आठवडाभर घरामागच्या खाणीत जाऊन तिचा नि माझा परिचय वाढवला.

कॅम्पवर मात्र तिला बघून सगळ्यांच्या जिभेला धार आली. ताउनोनं ती दोन बोटांत उचलली. "हे काय, होडीचं वल्हं?"

ताउनोच्या जुन्या शिकारी दोस्तानं, लेरॉयनं, बोल्ट मागेपुढे केला. "अगं, ह्याच्यात वाळू गेलीय."

"वाळू नाही रे, तो आवाजच आहे तिचा," मी म्हटलं.

"माझ्या मेव्हण्याच्या मित्राकडे होती असली," लेरॉय म्हणाला. "तो म्हणतो, पावसात दस्ता विरघळतो."

"तुमच्यापैकी कुणाकडे होती का कधी?" मी विचारलं. कुणाकडेच नव्हती. मत मात्र प्रत्येकाकडे होतं, आणि तेही फुकट. आमच्यातला सगळ्यात म्हातारा आर्विड तेवढा चुलीत लाकडं सारत राहिला.

पहिल्या दिवशी पहाटे बाहेर कडाक्याची थंडी होती. रायफली रिकाम्या करून पडवीत टांगलेल्या. गारठलेली रायफल उबेत आणायची नाही, हे आमच्याकडे पोराटोरांनाही कळतं. आत आणली की दुर्बिणीच्या काचेवर दव धरतं, आणि बाहेर नेली की त्याचा बर्फ होतो. पण ताउनोला मला शिकवायची हुक्की आली. तो पडवीतून ओन्नीची रायफल घेऊन आला आणि टेबलावर, उकळत्या कॉफीच्या किटलीशेजारी आडवी ठेवली.

"हे बघ, एल्मा. ह्याला म्हणतात दस्ता. बघ कसा गुळगुळीत आहे."

मी किटलीकडे पाहिलं. झाकण थडथडत होतं, वाफ थेट दुर्बिणीवर जात होती. मी सांगायला तोंड उघडलं आणि ऐन वेळी मला ज्याच्यासाठी बिछाना हवा होता तो जावई आठवला.

"खरंच की रे," मी म्हटलं. "आणि बोल्ट? तो कसा चालतो म्हणालास?"

त्यानं बोल्ट चालवून दाखवला. मग चाप. मग पुन्हा बोल्ट, कारण मला नीट कळलं नव्हतं. "माझीही आणू का शेजारी ठेवायला?" मी विचारलं.

"ते वल्हं राहू दे पडवीत!"

"बरं," मी म्हटलं आणि त्याला आणखी कॉफी ओतली. आर्विडनं आधी किटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हसू दाबत गुपचूप स्वतःच्या कपात साखर घातली. त्याला मधुमेह आहे, साखर तो घेत नाही.

ताउनोनं टेकडीवरची मोक्याची जागा घेतली. मला दिली दलदलीकाठची, जिथे आजवर सर्दीशिवाय कुणाला काही मिळालेलं नाही. उजाडल्यावर थोड्या वेळानं वरून बार ऐकू आला. मग दुसरा. मग फिनिश भाषेतले काही शब्द, जे आमच्या आजोबांनी मायदेश सोडून येताना बोटीतून बरोबर आणले आणि चर्चमध्ये कधी काढले नाहीत.

भेदरलेलं हरीण झाडीच्या आडोशाला पळतं, आणि दाट झाडी होती ती माझ्या दलदलीत. मोठ्या शिंगांचा नर धापा टाकत खाली उतरला आणि माझ्यासमोर थबकून मागे बघू लागला. दुर्बिणीत तो लख्ख दिसत होता. चाप कडक होता. मी श्वास रोखून तो ओढला, आणि नर जागच्या जागी कोसळला.

मी तिथेच बसून रडले. हे ओन्नीला सांगायला हवं होतं, आणि ओन्नीच नव्हता.

दुपारी आर्विड कात्री घेऊन उभा राहिला. ताउनो काही केल्या पाठ वळवेना.

"अरे, दुर्बिणीत सगळं पांढरंफेक होतं! हातमोज्यानं पुसली तर आणखीच बिघडली. चूक रायफलीची आहे!"

"सकाळी तर फार गुणाची होती," लेरॉय म्हणाला.

"आणि टेबलावर कुणी आणली?" आर्विडनं विचारलं. "वळ गपगुमान."

शर्ट नवा होता, बायकोनं खास मोसमासाठी घेतलेला. कात्री चरचरत फिरली. ओन्नीच्या तीन चिंध्यांशेजारी चौथी ठोकली गेली, खाली ताउनोचं नाव. भावाशेजारी भाऊ. ओन्नी असता तर हसून हसून खाटेवरून पडला असता.

पाठीला गार लागत होतं म्हणून ताउनो चुलीकडे पाठ करून बसला. मग मान वर न करता म्हणाला, "एल्मा, मालकीण म्हणून खरं सांग. कशी आहे तुझी ती रायफल?"

"तुम्ही म्हणालात ते सगळं खरं आहे," मी म्हटलं. "दस्ता खेळण्यातला, चाप कडक, बोल्ट खरखरतो. पण एक गुण आहे. ठेवाल तिथे गप्प राहते."

मग मी माझी पिशवी उचलली आणि खिडकीशेजारच्या बिछान्यावर टाकली.

"माझ्यात तो गुण नाही."